दोन पडदे, एकच साक्षीदार: ‘रॉयल मॅजेस्टी’चं प्रकरण

१० जून १९९५ च्या रात्री १० वाजून २५ मिनिटांनी ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं. जागा होती नॅनटकेट बेटाच्या पूर्वेला साधारण १० मैलांवरचा ‘रोज अँड क्राउन’ नावाचा उथळ भाग. जहाजावर प्रवासी आणि कर्मचारी मिळून १,५०९ माणसं होती. कुणाला इजा झाली नाही. जहाज आपल्या ठरलेल्या मार्गापासून सुमारे १७ सागरी मैल पश्चिमेकडे सरकलेलं होतं आणि ब्रिजवरचे, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीतले, पडदे मात्र शेवटपर्यंत ते मार्गावर असल्याचं दाखवत होते.

जहाजावरच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांबद्दल शिकणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं. याला तीस वर्षं होऊन गेली, तेव्हाची यंत्रं आज वापरात नाहीत. तरीही मी परत परत याच प्रकरणाकडे येतो. यात आग लागली नाही, वीज गेली नाही, इंजिन बंद पडलं नाही. एक केबल निघाली आणि त्यानंतर प्रत्येक यंत्राने ते जसं बनवलं होतं तसंच काम केलं. त्या योग्य कामांची बेरीज होऊन जहाज वाळूवर गेलं.

ब्रिजवर काय काय होतं

‘रॉयल मॅजेस्टी’ १९९२ मध्ये सेवेत आलं. त्या काळाच्या मानाने त्याचा ब्रिज अगदी आधुनिक होता. आज ज्याला आपण इंटिग्रेटेड ब्रिज म्हणतो, म्हणजे रडार, ऑटोपायलट, जीपीएस, दिशा दाखवणारा गायरो कंपास आणि वेग मोजणारा स्पीड लॉग एकमेकांशी तारांनी जोडलेले, तशी व्यवस्था त्यावर होती. ऑटोपायलटला नुसता ‘अमुक अंशावर चल’ एवढाच हुकूम द्यावा लागत नसे. मार्गाचे टप्पे एकदा भरून नेव्हिगेशन मोड लावला की तो जीपीएसकडून जहाजाचं स्थान घेई, वारा आणि प्रवाह जहाजाला कुठे ढकलतात ते पाही आणि सुकाणू त्याप्रमाणे वळवून जहाज आखलेल्या रेषेवर ठेवी. तोच मार्ग आणि तेच स्थान रडारच्या पडद्यावरही नकाशासारखं उमटे.

जीपीएस रिसीव्हर ब्रिजच्या मुख्य कन्सोलवर नव्हता, चार्टरूममध्ये, म्हणजे समुद्राचे नकाशे (चार्ट) ठेवण्याच्या खोलीत होता. त्याच्या शेजारीच लोरान-सी हा दुसरा रिसीव्हर होता. लोरान ही जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवर चालणारी जुनी प्रणाली. उपग्रहांशी तिचा काही संबंध नाही. म्हणजे पूर्णपणे वेगळ्या वाटेने स्थान सांगणारं एक यंत्र त्या जहाजावर होतं, चालू होतं आणि जीपीएसपासून हातभर अंतरावर होतं. हे लक्षात ठेवायला हवं.

रिवाज असा होता की वॉचवरचा, म्हणजे पाळीवरचा, ऑफिसर दर तासाला जीपीएसवरून अक्षांश-रेखांश वाचायचा आणि कागदी चार्टवर पेन्सिलीने खूण करायचा. लोरानकडे ‘जीपीएस बंद पडलं तर कामाला येईल’ अशा नजरेने पाहिलं जाई. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ताडून पाहणं दर तासाच्या कामात नव्हतं.

केबल निघाली

९ जूनला दुपारी १२ वाजता जहाज बर्म्युडाच्या सेंट जॉर्जेस बंदरातून बॉस्टनकडे निघालं. निघण्याच्या आधी नेव्हिगेटरने जीपीएस आणि लोरान तपासले. दोघांचे आकडे एकमेकांपासून मैलभराच्या आत होते. बंदर सुटल्यावर सुमारे ५२ मिनिटांनी वर उघड्यावर असलेल्या जीपीएस अँटेनाची केबल तिच्या जोडापासून सुटली. उपग्रहांचे सिग्नल बंद झाले.

इथे रिसीव्हरने काय करावं? एक पर्याय असा की ‘स्थान उपलब्ध नाही’ म्हणून पडदा कोरा ठेवावा. या रिसीव्हरच्या रचनाकारांनी दुसरा पर्याय निवडला होता. सिग्नल गेले की तो आपोआप डेड रेकनिंग, म्हणजे डीआर मोडमध्ये जाई. डीआर ही दर्यावर्दींची फार जुनी रीत आहे: शेवटचं ठाऊक असलेलं स्थान घ्यायचं, गायरोने दाखवलेली दिशा आणि लॉगने मोजलेला वेग घ्यायचा आणि इतक्या वेळात आपण कुठवर आलो असू याचा हिशेब मांडायचा. डोळे बांधून पावलं मोजत चालण्यासारखं. हिशेब बरोबर असतो, पण बाजूने ढकलणारा वारा आणि खालून वाहणारा प्रवाह त्याला दिसत नाही.

थोड्या वेळापुरती ही सोय उत्तम आहे. सिग्नल दोन मिनिटं गेला आणि परत आला तर मधली फट भरून निघते. पण या वेळी सिग्नल परत आलाच नाही.

रिसीव्हरने हे लपवलं नाही. त्याने इशारा दिला. मनगटी घड्याळाच्या अलार्मसारखी चिवचिव, साधारण एक सेकंदभर, तीही चार्टरूममधून. त्यानंतर पडद्यावर ‘डीआर’ ही दोन अक्षरं आणि ‘एसओएल’ ही तीन अक्षरं उमटली, उपग्रहांवरून स्थान मिळत नसल्याची खूण म्हणून. स्थानाचे मोठे आकडे पूर्वीसारखेच होते आणि पूर्वीसारखेच बदलत होते. ही पाच अक्षरं त्यांच्यापुढे बारीक होती. रिसीव्हरला बाहेरचा मोठा अलार्म जोडण्याची सोय होती. ती जोडलेली नव्हती.

पुढचे ३३ तास ती अक्षरं तिथेच होती. त्या काळात तीन वेगवेगळ्या ऑफिसरांनी तोच पडदा दर तासाला वाचला, त्यावरचे आकडे उतरवून घेतले आणि चार्टवर खुणा केल्या. नजरेला जे हवं होतं तेच नजरेने उचललं. हा त्यांचा आळस नव्हता, हे मला आवर्जून सांगायचं आहे. दर तासाचं काम ते नेमाने करत होते. चार्टवर खुणांची एक नीटनेटकी रांग तयार होत होती, सरळ आणि आखलेल्या रेषेवर. कुणीही ती रांग पाहिली असती तर म्हटलं असतं, चोख काम आहे.

ऑटोपायलटला का कळलं नाही

प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग मला हाच वाटतो, म्हणून इथे थोडं थांबतो.

जहाजावरची उपकरणं एकमेकांशी ठरावीक साच्यातल्या संदेशांनी बोलतात. त्या साच्याचं नाव एनएमईए ०१८३. संदेश म्हणजे साध्या अक्षरांची एक ओळ असते. सुरुवातीला पाठवणारा कोण ते सांगणारी दोन अक्षरं, जीपीएस असेल तर ‘जीपी’. मग अक्षांश, रेखांश, वेळ. आणि माहिती ग्राह्य आहे की नाही हे सांगणारी एक खूण. सगळं ठीक असेल तर ‘ए’, ठीक नसेल तर ‘व्ही’. बस, एक अक्षर.

‘रॉयल मॅजेस्टी’च्या रिसीव्हरने डीआरमध्ये गेल्यावर आपल्या संदेशांत माहिती अग्राह्य असल्याची खूण लावली. त्याने आपलं काम केलं. पण ऑटोपायलट बनवणाऱ्यांनी ती खूण वाचण्याची तजवीज केली नव्हती. त्यांची कल्पना अशी होती की जीपीएस बिघडलं तर आकड्यांच्या जागा रिकाम्या येतील किंवा संदेशच थांबतील. इथे संदेश वेळेवर येत होते, आकडे भरलेले होते आणि पुढे ‘जीपी’ लिहिलेलं होतं. ऑटोपायलटने ते जीपीएसचे आकडे म्हणून घेतले.

रिसीव्हर वेगळ्या कंपनीचा, ऑटोपायलट वेगळ्या कंपनीचा. दोघेही आपापल्या परीने मानक पाळत होते. एकाने इशारा लिहिला, दुसऱ्याने तो वाचला नाही, आणि दोघांना एकत्र बसवून ‘केबल काढली तर काय होईल’ अशी साधी परीक्षा त्या जहाजावर घेतली गेली असती तर हे बंदरातच दिसलं असतं. मला या प्रकरणात सर्वांत जास्त चुटपुट याच गोष्टीची लागते. पाच मिनिटांचं काम होतं ते.

पण ऑटोपायलटकडे आणखी एक पडताळणी होती, आणि ती हुशारीची होती. तो स्वतःही आतल्या आत डीआर चालवत असे. गायरो आणि लॉगवरून आपला स्वतःचा अंदाज काढायचा आणि जीपीएसने सांगितलेलं स्थान त्याच्याशी ताडून पाहायचं. दोघांत फार अंतर पडलं तर अलार्म. एखाद्या रिसीव्हरने अचानक भलतंच स्थान दिलं तर ही युक्ती त्याला लगेच पकडणार.

आता जीपीएस रिसीव्हर काय पाठवत होता? गायरो आणि लॉगवरून काढलेला डीआर. ऑटोपायलट कशाशी ताडत होता? त्याच गायरो आणि त्याच लॉगवरून काढलेल्या डीआरशी. एकच गणित दोनदा मांडलं जात होतं आणि उत्तरं जुळत होती. जुळणारच. फरक कधीच पडला नाही, म्हणून अलार्म कधीच वाजला नाही. उलट, खऱ्या जीपीएसमध्ये जी थोडीफार थरथर असते तीही नव्हती. पडताळणीच्या दृष्टीने ही यंत्रणा त्या ३३ तासांत सर्वांत निरोगी दिसत असणार.

वारा पूर्वेकडून होता आणि जहाजाला पश्चिमेकडे ढकलत होता. हे ढकलणं किती होतं, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. जहाज साधारण १४ नॉट, म्हणजे ताशी १४ सागरी मैल, वेगाने चाललं होतं. ३३ तासांत ते सुमारे ४६० मैल कापतं. त्यात १७ मैलांची घसरण म्हणजे ताशी अर्धा मैल, दिशेच्या भाषेत सुमारे दोन अंश. दोन अंशांचा फरक ब्रिजवर उभं राहून कुणालाही जाणवत नाही. उघड्या समुद्रात, जिथे पाहायला किनारा नाही, तिथे तर नाहीच. म्हणून पहिला दीड दिवस कुणी काही ओळखलं नाही याचा दोष मी कुणाला देणार नाही. खरी परीक्षा किनारा जवळ आल्यावर होती.

संध्याकाळ: चुकीचा बोया, योग्य वेळी

बॉस्टनकडे जाणाऱ्या जहाजांसाठी समुद्रात येण्या-जाण्याच्या वेगळ्या वाटा आखलेल्या आहेत. त्या वाटेच्या दक्षिण तोंडाशी ‘बीए’ नावाचा बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी मार्गखूण, आणि पुढे ‘बीबी’. दीड दिवसाच्या मोकळ्या समुद्रानंतर जहाजाला भेटणारी ही पहिली ठाम खूण. समुद्रातून किनाऱ्याकडे येताना पहिली खूण ओळखण्याला नाविकांच्या कामात फार मान आहे, कारण तोपर्यंतचा सगळा हिशेब तिथे पक्का होतो किंवा मोडतो.

संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास चीफ ऑफिसरला रडारवर डावीकडे एक ठिपका दिसला, सुमारे ७ मैलांवर. बीए बोया ज्या वेळी ज्या बाजूला दिसायला हवा, त्याच वेळी त्याच बाजूला. रडारच्या पडद्यावर नकाशाही उमटलेला होता. ठिपका सरकत सरकत नकाशातल्या बीएच्या खुणेवर येऊन बसला. डोळ्यांनी बोया पाहायचा त्याने प्रयत्न केला, पण मावळतीच्या उन्हाची तिरीप पाण्यावरून डोळ्यांत येत होती. दिसला नाही. रडारवर जुळलं होतं, तेवढ्यावर त्याने मान्य केलं.

तो बोया बीए नव्हता. तो ‘एआर’ होता, एका बुडालेल्या जहाजाची जागा दाखवणारा, बीएच्या पश्चिमेला बऱ्याच अंतरावर. जहाज जितकं सरकलं होतं त्याच मानाने हा दुसरा बोयाही नेमका त्या बाजूला होता. दुर्दैव म्हणावं असा हा योगायोग.

पण नुसता योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ठिपका नकाशातल्या खुणेवर बसला, हे चीफ ऑफिसरला दोन स्वतंत्र गोष्टी जुळल्यासारखं वाटलं. नकाशा पडद्यावर कुठे काढायचा हे ठरलं होतं डीआरच्या स्थानावरून. म्हणजे ज्या स्थानाची परीक्षा घ्यायची होती त्याच स्थानाने प्रश्नपत्रिका काढली होती. स्वतंत्र एकच गोष्ट होती, बोयावर रंगवलेली अक्षरं, आणि ती उन्हामुळे दिसली नाहीत.

साडेसातच्या सुमारास कॅप्टनने फोन करून विचारलं, बीए दिसला का. चीफ ऑफिसरने सांगितलं, दिसला. रडारवर पकडला होता का? हो. डोळ्यांनी पाहिला नाही हे सांगायचं राहून गेलं. कॅप्टनने विचारलं होतं, उत्तर मिळालं होतं, दोघांच्याही मनात नोंद पक्की झाली.

रात्रीचे इशारे

८ वाजता सेकंड ऑफिसर वॉचवर आला. त्याच्या हातात आलं ते असं: जहाज मार्गावर आहे, बीए ओलांडला आहे, पुढचा बोया बीबी.

इथून पुढे दोन-अडीच तासांत जे घडलं ते वाचताना जीव कासावीस होतो.

साडेआठच्या सुमारास डाव्या बाजूच्या लुकआउटने, म्हणजे डोळ्यांनी समुद्रावर नजर ठेवणाऱ्या माणसाने, एक पिवळा दिवा दिसल्याचं सांगितलं. त्यानंतर लुकआउटनी डावीकडे उंचावर अनेक लाल दिवे दिसत असल्याचं सांगितलं. उंचावरचे लाल दिवे म्हणजे जमिनीवरचे मनोरे. ठरल्या मार्गावर असताना डावीकडे इतक्या जवळ जमीन असायलाच नको होती. सेकंड ऑफिसरने ऐकलं, ‘ठीक’ म्हटलं आणि पुढे काही केलं नाही.

त्याच सुमारास मासेमारी बोटींवरच्या माणसांना हे मोठं जहाज भलत्याच वाटेने चाललेलं दिसलं. आपसात ते पोर्तुगीजमध्ये बोलत होते. रेडिओवर इंग्रजीतून ‘क्रूझ बोट’ अशी हाकही त्यांनी दिली, जहाजाचं स्थान सांगून. जहाजाचं नाव त्यांना माहीत नव्हतं. ब्रिजवरून उत्तर गेलं नाही. समुद्रावर त्या रात्री ‘रॉयल मॅजेस्टी’ कुठे आहे हे ज्यांना बरोबर ठाऊक होतं ती माणसं त्या जहाजावर नव्हती.

रडारचा पल्ला सेकंड ऑफिसरने ६ मैलांवर ठेवला होता. नॅनटकेटचा किनारा त्या पल्ल्याच्या बाहेर होता. पल्ला १२ मैलांवर नेला असता तर बेटाची कड पडद्यावर आली असती. रात्री किनाऱ्याजवळ पल्ला अधूनमधून वाढवून पाहायचा, हे ब्रिजवर पहिल्या महिन्यातच शिकवतात. पण आपण किनाऱ्याजवळ आहोत असं मनात नसेल तर हात त्या बटणाकडे जात नाही.

बीबी बोया दिसण्याची वेळ आली आणि गेली. बोया दिसला नाही. पावणेदहाच्या सुमारास कॅप्टनने फोनवर विचारलं, तेव्हा सेकंड ऑफिसरने ‘दिसला’ म्हणून सांगितलं. थोड्या वेळाने कॅप्टन ब्रिजवर आला तेव्हाही त्याला तेच सांगितलं. चौकशीत त्याने याचं कारण दिलं ते असं, की जीपीएसवरून जहाज मार्गावर असल्याचं त्याने पाहिलं होतं आणि रडारने बोया कदाचित पकडला नसेल असं त्याला वाटलं.

खोटं बोलणं म्हणून इथे बोट दाखवणं सोपं आहे, आणि ते चुकीचंच होतं. तरी त्यामागची विचाराची वाट पाहा. समुद्रात लोखंडाचा बोया नाही आणि पडद्यावरचे आकडे म्हणतात असायला हवा. त्याने बोयावर संशय घेतला, रडारवर संशय घेतला, आकड्यांवर घेतला नाही. तीन वर्षं नीट चाललेल्या यंत्राने माणसाच्या मनात एवढी जागा मिळवलेली असते.

कॅप्टनने चार्टवरच्या खुणा पाहिल्या, रडारच्या पडद्यावरचा मार्ग पाहिला. सगळं जुळत होतं. तोही खाली गेला.

लुकआउटने पुन्हा कळवलं: समोर पाणी निळं-पांढरं दिसतंय. लाटा उथळ वाळूवर फुटतात तेव्हा पाणी असं दिसतं. जहाज त्या पाण्यातून गेलं. मग एक झटका, जहाज डावीकडे ओढलं गेल्यासारखं आणि मग झटकन उजवीकडे वळलं. सेकंड ऑफिसरने ऑटोपायलट काढून सुकाणू हाताने धरलं. झटका जाणवून कॅप्टन धावत वर आला, सुकाणूवर लुकआउटला उभं केलं, रडारचा पल्ला वाढवला आणि त्याला नॅनटकेट दिसलं. त्याने सुकाणू पूर्ण उजवीकडे करायचा हुकूम दिला. सुकाणू वळायच्या आत जहाज थांबलं.

मग कॅप्टनने चार्टरूममधले जीपीएस आणि लोरान ताडून पाहायला लावले. जीपीएसचं स्थान किमान १५ मैलांनी चुकलेलं आहे, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. दोन्ही रिसीव्हर बर्म्युडापासून शेजारी शेजारीच होते.

इको साउंडर, म्हणजे तळाखाली किती पाणी आहे ते मोजणारं यंत्र, तेही चालू होतं. त्याचा अलार्म समुद्रात असताना ३ मीटरवर लावायची पद्धत होती. त्या रात्री तो शून्यावर होता. शून्यावरचा अलार्म वाजतो तो जहाज टेकल्यावर.

दुसऱ्या दिवशी, सुमारे २४ तासांनी, पाच टगबोटींच्या मदतीने जहाज वाळूतून सुटलं. दुरुस्ती आणि बुडालेलं उत्पन्न धरून नुकसान सुमारे ७० लाख डॉलर.

चौकशीने काय म्हटलं आणि मला काय वाटतं

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, या अपघाताचा अहवाल १९९७ मध्ये दिला. स्वयंचलित यंत्रणेवर वॉच ऑफिसरांनी टाकलेला अतिरेकी भरवसा, त्या यंत्रणेचं पुरेसं प्रशिक्षण न देणारी कंपनी, यंत्रणेच्या रचनेतल्या आणि तिच्या वापराच्या पद्धतीतल्या त्रुटी, आणि अनेक इशारे मिळूनही सेकंड ऑफिसरने पाऊल न उचलणं, अशी संभाव्य कारणं मंडळाने नोंदवली. प्रशिक्षणाची आणि एकात्मिक ब्रिजच्या रचनेची आंतरराष्ट्रीय मानकं अपुरी असल्याचंही म्हटलं.

यातलं ‘अतिरेकी भरवसा’ हेच वर्गात सर्वांत जास्त उच्चारलं जातं. मला ते थोडं अपुरं वाटतं. भरवसा कमी करा, असं सांगून हातात काही येत नाही. रोज बरोबर चालणाऱ्या यंत्रावर माणूस भरवसा ठेवणारच, आणि ठेवला नाही तर त्याला कामच करता येणार नाही. या प्रकरणातून मला मिळालेली कामाची गोष्ट वेगळी आहे: ब्रिजवर किती पडदे आहेत हे मोजू नका, त्यांच्या मागे स्वतंत्र उगम किती आहेत हे मोजा. त्या रात्री चार्टवरच्या खुणा, रडारवरचा नकाशा, ऑटोपायलटचा मार्ग आणि रिसीव्हरचे आकडे अशा चार ठिकाणी स्थान दिसत होतं. साक्षीदार एकच होता, आणि तोही डोळे बांधलेला. लोरान, इको साउंडर, रडारचा लांब पल्ला आणि लुकआउटचे डोळे हे खरे स्वतंत्र साक्षीदार होते. त्यातल्या पहिल्या तिघांना कुणी विचारलं नाही. चौथ्याने आपण होऊन सांगितलं.

आजच्या ब्रिजवर

पुढे बरंच बदललं. अपघातानंतर महिनाभराच्या आत, जुलै १९९५ मध्ये, नाविकांच्या प्रशिक्षणाच्या एसटीसीडब्ल्यू करारात मोठी सुधारणा मंजूर झाली. ती या अपघातामुळे नव्हे, आधीपासूनच चाललेली होती. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००७ मध्ये एकात्मिक नेव्हिगेशन प्रणालींसाठी नवी मानकं स्वीकारली. त्यात स्थानाची शहानिशा स्वतंत्र सेन्सरांशी ताडून करण्याची अपेक्षा स्पष्ट आहे. २०१० मध्ये ब्रिजवरच्या इशाऱ्यांची प्रतवारी ठरली, कुठला इशारा तातडीचा आणि कुठला नुसती सूचना, म्हणजे महत्त्वाची गोष्ट एका सेकंदाच्या चिवचिवाटात हरवू नये. एनएमईएच्या संदेशांतही नंतर स्थान कसं काढलं आहे ते सांगणारं वेगळं अक्षर आलं, अंदाजाने काढलेल्या स्थानासाठी ‘ई’. २०१२ ते २०१८ या काळात टप्प्याटप्प्याने मोठ्या जहाजांवर एक्डिस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चार्ट, बंधनकारक झाला.

आणि याच काळात एक उलटी गोष्टही घडली. जहाजावर जीपीएसवर अवलंबून असणारी यंत्रं वाढली. एक्डिस तिथूनच स्थान घेतो. एआयएस आपलं स्थान इतर जहाजांना कळवतो, तेही तिथूनच. संकटकाळी बटण दाबलं की रेडिओवर जाणारं स्थान तिथलंच. गायरोच्या दिशेतली चूक सुधारण्यासाठी लागणारा अक्षांश आणि वेग बहुतेक जहाजांवर तिथून येतो. म्हणजे ‘रॉयल मॅजेस्टी’वर जितके पडदे एका अँटेनावर टेकले होते त्याहून जास्त आज टेकलेले असतात. आणि शेजारी जो लोरान होता, तो अमेरिकेने २०१० मध्ये बंद केला.

त्यात आता खोट्या सिग्नलांची भर. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात नोव्होरोसिस्कजवळच्या अनेक जहाजांचं स्थान त्यांच्या पडद्यांवर गेलेंजिकच्या विमानतळावर दिसत होतं. १९९५ च्या रिसीव्हरला निदान माहीत होतं की उपग्रह गेले आहेत, आणि त्याने ते पाच बारीक अक्षरांत सांगितलं होतं. फसवल्या गेलेल्या रिसीव्हरला काही माहीतच नसतं. त्याच्या पडद्यावर सगळं ठीक असतं, संदेशातलं अक्षरही ‘ए’च असतं. जहाज विमानतळावर दिसलं तर कुणाच्याही लक्षात येईल. पण तेच स्थान ताशी अर्ध्या मैलाने सरकत गेलं तर?

म्हणून जुन्या सवयींना आज जास्त किंमत आहे. एक्डिसवर रडारचं चित्र चढवून किनाऱ्याची कड छापील कडेवर बसते का ते पाहणं, आणि नाही बसली तर चित्र नव्हे, स्थान चुकलं असेल असा विचार आधी करणं. दिसणाऱ्या दिव्याचं किंवा टेकडीचं बेअरिंग, म्हणजे अंशांतली दिशा, हाताने घेऊन चार्टवर टाकणं. इको साउंडरची खोली चार्टवरच्या खोलीशी जुळते का पाहणं आणि त्याचा अलार्म शून्यावर नाही याची खात्री वॉच घेताना करणं. बोया ओळखला असं म्हणताना तो कशावरून ओळखला हेही त्याच वाक्यात सांगणं: डोळ्यांनी, रडारने, की पडद्यावरच्या खुणेवरून. वॉच देताना एवढा एक शब्द जास्त बोलला गेला असता, तर ९ तारखेला निघालेलं ते जहाज १० तारखेच्या संध्याकाळीच सावरलं असतं असं मला वाटतं.

आणि एक काम नव्याने जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक ऑफिसरने पहिल्या दिवशी, बंदरात, कॅप्टनची परवानगी घेऊन करावं. जीपीएसच्या अँटेनाची केबल काढायची आणि ब्रिजच्या मधोमध उभं राहायचं. काय वाजतं, किती वेळ वाजतं, कुठल्या पडद्यावर काय बदलतं, ऑटोपायलट काही बोलतो का, एक्डिसवरचं जहाज थांबतं की पुढे सरकत राहतं, हे पाहायचं. मग रिसीव्हरपाशी जाऊन ते बारीक अक्षर शोधायचं आणि एकेक पाऊल मागे येत, ते किती पावलांवरून वाचता येईनासं होतं ते मोजायचं.